गार लागणाऱ्या बॅटऱ्या

प्रिय ताता,

तुमच्यापुढे गुडघे टेकून बसले आहे असं समजा. ख्यालीखुशाली आज राहू द्या. नालोंगोच्या टपरीला लागून असलेलं चार्जिंगचं कपाट बंद करा, असं मी सकाळी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता. मागून तुमच्या थांब्यावरचा कायोंगो ओरडला, "चेअरमन, पोरीला नाश्ता मिळालेला दिसत नाही. कपाट बंद केलं तर मोटारसायकली काय आम्ही डोक्यावर घेऊन हिंडू?" सगळे हसले. तुम्ही का म्हणून विचारलंत आणि मी नंतर सांगते म्हणाले. मग तुम्ही मसाक्यातल्या कंपनीच्या माणसाला विचारलंत, त्यानं इथे मुख्य कचेरीत फोन केला आणि इथून त्याला सांगितलं गेलं की काही नाही, मुलगी थकली आहे. ताता, मुलगी थकलेली नाही. कपाटातल्या आणि गाड्यांवरच्या काही बॅटऱ्या आतून इतक्या तापतात की त्या पेट घेऊ शकतात. कोणत्या, ते बाहेरून कळत नाही. हे वाक्य मला सकाळी बोलता आलं नाही, म्हणून आधी तेच लिहिलं. आता उठा, कपाटाचा खटका खाली ओढा आणि मग बसून पुढचं वाचा.

ओढलात ना? नालोंगो भांडेल. तिचा दिवा आणि रेडिओ त्याच तारेवर आहेत. भांडू द्या. तिची जुळी दुपारी कपाटामागच्या पोत्यांवर झोपतात, कारण कपाटाच्या पंख्याचा वारा तिकडून येतो. मागच्या खेपेला मी ते पाहिलं होतं आणि मला छान वाटलं होतं. मुलं झोपली आहेत, आई तव्यावर चपात्या भाजते आहे, शेजारी आमची बॅटरी भरते आहे, ना धूर ना आवाज. मी तिथे उभी राहून फोटो काढला आणि इथे कारखान्यात सगळ्यांना दाखवला. आता तो फोटो उघडवत नाही. त्या मुलांना आधी तिथून उठवा. हेही कपाटाइतकंच तातडीचं आहे.

मला ठाऊक आहे, या गाड्यांसाठी तुम्ही काय केलंत. मी लहान असताना संध्याकाळी तुमच्या कोटाला पेट्रोलचा वास यायचा आणि आई म्हणायची, "आधी अंगण, मग घर." न्येंडोहून मसाक्याला जाणारा चढ तुम्ही पेट्रोलच्या गाडीवर इतकी वर्षं चढलात की तुमचा खोकला ऐकून शेजारी वेळ ओळखायचे. मी बॅटरीच्या कारखान्यात लागले तेव्हा वाटलं, हा खोकला थांबवायला निघाले आहे मी. हसू नका, मला खरंच तसं वाटलं होतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही माझा गाऊनमधला फोटो तुमच्या मोटारसायकल-टॅक्सींच्या थांब्याच्या छपराखाली लावलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना "ही कोण ओळखा" असं विचारत राहिलात. मला लाज वाटायची, पण उतरवा असं मी कधी म्हटलं नाही. मग आमच्या कंपनीच्या विजेवरच्या गाड्या मसाक्यात आल्या. थांब्यावरचं कुणीही पेट्रोल सोडायला तयार नव्हतं. त्या सभेत तुम्ही काय म्हणालात ते मला आईनं सांगितलं. "बॅटरीतली उष्णता बाहेर काढणारी वस्तू माझी मुलगी बनवते. बापाच्या बुडाखाली ती वाईट माल ठेवेल का?" सगळे पोट धरून हसले म्हणे, आणि महिना संपायच्या आत निम्म्याहून जास्त जणांनी गाड्या बदलल्या. ताता, त्या एका वाक्यावर तुमचा थांबा उभा आहे. म्हणूनच पुढचं सगळं तुम्हाला नीट कळलं पाहिजे. मी सावकाश लिहिते.

बॅटरी म्हणजे डब्यात दाटीवाटीनं उभ्या केलेल्या नळकांड्या. गाडी चढ चढते, मागे मटोक्याच्या हिरव्या केळ्यांचे चार घड आणि वर एक बाई बसलेली असते, तेव्हा त्या नळकांड्या तापतात. ती उष्णता डब्याच्या पत्र्यापर्यंत पोचली तर वारा तिला घेऊन जातो. पण नळकांड्या आणि पत्रा यांच्यामध्ये काहीतरी मऊ घालावं लागतं, नाहीतर न्येंडोच्या खड्ड्यांत आतलं सगळं एकमेकांवर आपटेल. तिथे आम्ही रबराची पांढरी पट्टी घालतो. अडचण अशी, की रबर उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. नुसतं रबर घालणं म्हणजे तापलेल्या माणसाला घोंगडी पांघरणं. म्हणून रबरात आम्ही एक पांढरी पूड मिसळतो. भिंगाखाली तिचा प्रत्येक कण माशाच्या खवल्यासारखा चपटा दिसतो. या खवल्याची गंमत ही, की उष्णता त्याच्या अंगावरून लांबीनं सरसर धावते, पण त्याच्या आरपार, पाठीकडून पोटाकडे, फार कष्टानं जाते. म्हणजे नुसते खवले घालून भागत नाही. ते कसे बसलेत यावर सगळं आहे. नळकांडीपासून पत्र्यापर्यंत ते उभे असले, कुंपणाच्या बोरूंसारखे, तर उष्णता त्यांना धरून चढत जाते आणि बाहेर पडते. आडवे पडलेले असले, छपराच्या पत्र्यांसारखे एकावर एक, तर तीच पूड, तेच रबर, आणि उष्णता आत अडकते.

खवल्यांना उभं करणं हेच माझं काम. ते आपण होऊन उभे राहत नाहीत. नालोंगो कणीक लाटते तसं ते मिश्रण दोन रुळांतून लाटलं की सगळे खवले आडवे होतात, एकजात एका दिशेनं. मग आम्ही अशा पुष्कळ पोळ्या एकावर एक रचतो, दाबतो, भट्टीत भाजतो आणि त्यांची एक वीट होते. त्या विटेचे पातळ काप आडवे नाही घ्यायचे, उभे घ्यायचे, पाव कापतात तसे. उभ्या कापात आडवे खवले उभे होतात. एवढीच ती युक्ती आहे आणि तिच्यासाठी मी आणि ओचान दोघांनी दीड पावसाळा घालवला. ओचान कापायच्या यंत्रावर असतो. विटेचे काप कोणत्याही बाजूनं घेतले तरी दिसायला सारखेच, पांढरे, गुळगुळीत. म्हणून तो प्रत्येक विटेच्या डोक्यावर कोळशानं एक रेघ ओढायचा आणि रेघ डावीकडे ठेवून कापायचा.

उभ्या कापांत एक खोट आहे. पोळ्यांचे जोड त्यांत आडवे येतात आणि काही काप हाताळताना त्या जोडांवर तुटतात. पुष्कळ माल फेकावा लागायचा. मोठ्या काकांच्या ओलुंबेला, त्या शेवटच्या उत्तरकार्याला, मी घरी आले होते आठवतं? आपण सगळे अंगणात बसून तळायच्या नसेनेने टोळांचे पंख खुडत होतो आणि तुम्ही पाहुण्यांना सांगत होता की माझ्याशिवाय कारखाना चालत नाही. त्याच दिवसांत आमचे उत्पादनाचे नवे प्रमुख, कातुरामु, यांनी वीट फिरवली. काप विटेच्या लांबीनं घेतले की जोड मध्ये येत नाहीत, अख्खी पट्टी निघते, काही फेकावं लागत नाही. ओचाननं रेघ दाखवली म्हणे. कातुरामु म्हणाले, "रेघेची पूजा करतोस का? माल बघ." माल खरंच देखणा होता. मी परत आले तेव्हा पट्ट्या बॅटऱ्यांत गेल्या होत्या, बॅटऱ्यांना झाकणं लागली होती आणि मला सांगितलं गेलं की जोडांची अडचण सुटली. मला वाटलं, भट्टीचं तापमान बदललं असेल.

कातुरामुंना मी वाईट माणूस म्हणणार नाही. त्यांनी तपासणी केली होती. त्यांची पद्धत अशी, की पट्टी उभी धरायची, तिचं खालचं टोक तापलेल्या तव्याला लावायचं, वरच्या टोकाला लोण्याचा ठिपका ठेवायचा आणि तो किती लवकर वितळतो ते बघायचं. नव्या पट्टीवर लोणी जुन्यापेक्षा कितीतरी लवकर वितळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वितळणारच. खवले पट्टीच्या लांबीनं झोपलेले होते, उष्णता लांबीनं धावली. पण बॅटरीत उष्णतेला पट्टीच्या लांबीनं जायचंच नसतं, जाडीतून जायचं असतं. जी गोष्ट विचारायलाच नको होती ती त्यांनी विचारली आणि तिचं उत्तर फार चांगलं आलं.

आणि मला हे कशामुळे कळलं? तुमच्यामुळे. नाताळानंतर ऊन तापायला लागलं तेव्हा तुमचा फोन आला. आवाजात एवढा आनंद, की मी हातातलं काम ठेवून ऐकत बसले. तुम्ही म्हणालात, "तुझ्या जुन्या बॅटरीवर चढ संपेपर्यंत मांडी शेकून निघायची. या नव्या आल्यात त्या वर पोचलो तरी गार. पोरं कपाटातून भरलेली बॅटरी घेताना आधी हात लावून बघतात आणि गार असेल तीच उचलतात. गरम लागते ती म्हाताऱ्यांना ठेवतात, म्हणजे मला." मागून कायोंगो म्हणाला, "न्याबो एंजिनिअर, पुढच्या खेपेला हिच्यावर सोड्याच्या बाटल्या ठेवून विकतो." मी पण हसले. फोन ठेवला आणि हसू तिथल्या तिथे विझलं. तेवढा चढ, तेवढं ओझं, तेवढं ऊन, आणि डबा गार. मग उष्णता आहे कुठे? ताता, मांडीला लागणारी ती ऊब म्हणजे बाहेर पडलेली उष्णता होती. ती लागत नसेल तर ती आत आहे. तुमची पोरं हात लावून, पारखून, भांडून नेमक्या वाईट बॅटऱ्या उचलत होती, आणि तुमच्या वाट्याला चांगल्या येत होत्या.

मी गोदामातून एक नवी पट्टी आणि एक जुनी पट्टी घेतली. दोन्ही तव्यावर उभ्या न धरता आडव्या ठेवल्या, बॅटरीत असतात तशा, आणि दोन्हींवर लोणी ठेवलं. जुनीवरचं लगेच पाघळलं. नवीवरचं तसंच बसून राहिलं, कोपरेसुद्धा मोडले नाहीत. मी ओचानला बोलावलं. दोन्ही पट्ट्यांवरचं लोणी बघून तो म्हणाला, "नामुबिरु, आता हे तू बघितलंस, मी बघितलं. पुढे काय?" मला वाटलं होतं, पुढे काय हे उघडच आहे.

आमच्या मालकीणबाई कोबुसिंगे मॅडम. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला चांगलंच सांगत आले आहे आणि आजही सांगेन. मुलाखतीला मी आईचे बूट घालून गेले होते, ते मोठे होते आणि चालताना वाजत होते. मॅडमनी बुटांकडे बघितलं नाही. माझ्या प्रकल्पाचं एकेक पान उलटत प्रश्न विचारत राहिल्या. त्यांना मी लोण्याचा प्रयोग करून दाखवला. त्यांना ताबडतोब कळलं. चेहरा उतरला. कातुरामुंनी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच गप्प केलं. वीट त्याच दिवशी पुन्हा फिरवायला लावली. माझा जीव भांड्यात पडला. पण गावोगावी गेलेल्या बॅटऱ्यांचं विचारलं तेव्हा त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हळूहळू परत आणू. कपाटातून एकेक काढून घ्यायची, दुसरी ठेवायची. कुणाला कळायचं कारण नाही." मी म्हटलं, तोवर लोक त्यांच्यावर बसणार आहेत. त्या म्हणाल्या, "आणि आग हा शब्द एकदा सुटला की? मसाक्यात सुटला की म्बराराला पोचतो, जिंजाला पोचतो. सगळे पुन्हा पेट्रोलवर जातील. तुझे वडीलसुद्धा. हेच हवंय का तुला?" मला ते नको होतं. हे वाक्य त्यांनी अगदी बरोबर जागी मारलं. नोकरीच्या कागदावर मी कारखान्यातलं बाहेर न बोलण्याची सही केलेली आहे, त्याची आठवण त्यांनी करून दिली नाही. ती कातुरामुंनी जिन्यात करून दिली.

मॅडमची योजना चालू झाली आणि लंगडी पडली. परत आणायच्या बॅटऱ्या कपाटात सापडेनात, कारण त्या कधी कपाटात राहतच नव्हत्या. गार म्हणून आल्या की पळवल्या जात होत्या. परत येत होत्या त्या जुन्या, चांगल्या. हे मी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, आणखी थोडी वाट बघू.

काल एक नवी परत आली. न्येंडोच्या कपाटातून. मसाक्यातल्या माणसानं तिच्यावर चिठ्ठी लावली होती, झाकण घट्ट बसत नाही. झाकण घट्ट कसं बसेल? डबा मधोमध फुगला होता, भाकरी फुगते तसा. ओचाननं आणि मी ती अंगणात वाळूवर नेऊन उघडली. कडेच्या नळकांड्या ठीक होत्या. मधल्यांची वेष्टणं तपकिरी होऊन सुरकुतली होती आणि दोन एकमेकींना चिकटल्या होत्या. पट्टी मात्र पांढरी, सुंदर, जशी बसवली तशी. अशा तापलेल्या बॅटरीला गाडीवरून काढून लगेच कपाटात चार्जिंगला लावतात, तेव्हा खरा धोका असतो. म्हणजे टपरीशेजारी, पोत्यांशेजारी. मी धावत वर गेले. मॅडम फोनवर होत्या. मी ती चिकटलेली जोडी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही, फक्त पाहिली. आणि म्हणाल्या, "पेटली तर नाही ना." ताता, त्या हे निर्दयपणे म्हणाल्या नाहीत. घाबरलेलं माणूस स्वतःची समजूत काढतं तसं म्हणाल्या. त्यामुळेच मी जास्त घाबरले. म्हणून आज सकाळी तुम्हाला फोन केला, आणि मागून सगळे "न्याबो एंजिनिअर" म्हणून ओरडायला लागले, आणि माझ्या तोंडून कपाट बंद करा एवढंच बाहेर पडलं.

आता काय करायचं ते सांगते. कपाटातल्या सगळ्या बॅटऱ्या बाहेर काढा. गाड्यांवरच्याही काढा. थांब्यामागच्या मोकळ्या जागेत, सावलीत, एकमेकींपासून लांब ठेवा. टपरीत, घरात, छपराखाली एकही नको. कुणी हौसेनं उघडायची नाही, फोडायची नाही, फुगलेली असेल तर दाबून बसवायची नाही. आणि हात लावून ही चांगली, ही वाईट असं ठरवायचं नाही. या वेळी गरम ती चांगली असंही नाही, कारण काही डब्यांत दोन्ही प्रकारच्या पट्ट्या मिसळून गेल्या आहेत. सगळ्याच थांबल्या पाहिजेत. मला माहीत आहे, याचा अर्थ उद्या कुणाच्याही घरी कमाई नाही. हे मी पंख्याखाली बसून लिहिते आहे आणि उन्हात गिऱ्हाईक परत पाठवायचं आहे ते तुम्हाला. चांगल्या पट्ट्या कशा करायच्या, एवढंच माझ्याकडे आहे. वीट पुन्हा सरळ आहे, ओचान आजही कापतो आहे. मला या गाड्यांवर अजून विश्वास आहे. कुणी विचारलं तर हेही सांगा.

तुमची खुर्ची जाईल का, ते मी विचारत नाही. जाऊ शकते. कायोंगोची बायको तुम्हाला तोंडावर बोलेल. ज्यांनी तुमच्या शब्दावर जुनी गाडी विकली ते बोलणार नाहीत, नुसते बघतील, आणि ते जास्त लागेल. आईला सांगा की मी नोकरी सोडलेली नाही. काढलं तर काढतील. हे पत्र मी चोरून लिहीत नाही. लिहायला बसण्याआधी मॅडमच्या दारात उभी राहून मी सांगितलं की मी वडिलांना सगळं लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "विचार कर." मी म्हटलं, केला. त्यांनी मला अडवलं नाही, आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी बहुधा त्यांच्यासमोरच बसलेली असेन.

आता हे पत्र का लिहिलं ते. मी स्वतः यायला हवं होतं. पण उद्या म्बराराचा ट्रक भरणार आहे. त्यात अजून आडव्या खवल्यांच्या पट्ट्या घातलेल्या बॅटऱ्या आहेत आणि त्या चढू नयेत म्हणून मला गोदामाच्या दारात उभं राहायचं आहे. फोनचा उपयोग नाही, ते सकाळी दिसलंच, म्हणून हे पत्र आजच्याच बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. थांब्याचा नियम तुम्हीच घालून दिलेला आहे. कुणावर ठपका ठेवायचा असेल तर मध्ये उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, बापाचं, आजोबाचं, कुळाचं सांगायचं, आणि मग बोलायचं. असं बोललेलंच थांबा ऐकतो, बाकीची कुजबुज धरतो. वाचताना तुम्हाला वाटलं असेल की पोरगी मला खवले आणि चपात्या काय शिकवत बसली आहे. मी तुम्हाला शिकवत नव्हते, ताता. मी कायोंगोशी बोलत होते, नालोंगोशी बोलत होते, ज्यांना तुम्ही माझ्या नावानं हो म्हणायला लावलंत त्या सगळ्यांशी. हे पत्र तुमच्या एकट्यासाठी नाही. ते थांब्यावर मध्ये उभं राहून मोठ्यानं वाचायचं आहे, हसले होते तो भाग, मॅडमचा भाग, कातुरामुंचा, कायोंगोच्या बायकोचासुद्धा, काही न गाळता. मी तुम्हाला ओळखते. सही केलेल्या कागदाचं वाचलंत तेव्हाच तुम्ही मनात घडी घालून हे कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं असेल, मुलीची नोकरी वाचावी म्हणून. बाप म्हणून ते बरोबरच असेल. पण त्या खिशातून ते बाहेर काढा. वाचून झाल्यावर कुणीतरी उठून विचारेल, हे बोलतंय कोण. त्याच्यासाठी खाली नाव लिहिलं आहे. तेही वाचा, आवाज न चिरकू देता.

तुमचीच, आणि आज थांब्यासमोर उभी,
मी नामुबिरु. बुकेन्या माझे वडील. मुबिरु माझे आजोबा. कुळ माम्बा. हे मी बोलते आहे.